आषाढातील दोन मण भात : कर्जत-खालापूरच्या विषमतेचा इतिहास

१/२३
मुंबई आणि पुणे या दोन महानगरांच्या मध्ये, भोर घाटाच्या पायथ्याशी, रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके वसलेले आहेत. लोहमार्ग इथूनच घाट चढतो, द्रुतगती महामार्ग इथूनच जातो, उच्च दाबाच्या वीजवाहिन्या इथल्याच शेतांवरून मुंबईकडे जातात. एकाच शिवारात आठवड्यातून दोन दिवस उघडणारी फार्महाउसे आहेत आणि त्यांच्या कुंपणापलीकडे कुडाच्या भिंतींची कातकरवाडी आहे. हे अंतर आले कुठून? आणि ते असण्यात वाईट ते काय? या दोन प्रश्नांचा इतिहासाच्या आधारे घेतलेला हा वेध.

२/२३
विषमतेची कारणे सांगणारी तीन उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले निसर्गाचे : डोंगराळ मुलूख, एकच पीक, म्हणून दारिद्र्य. दुसरे कर्तृत्वाचे : जे कष्टाळू आणि हुशार ते पुढे गेले, बाकीचे मागे राहिले. तिसरे लुटीचे : श्रीमंतांनी लुबाडले म्हणून गरीब गरीब झाले. तिन्हींत थोडेथोडे तथ्य आहे. मात्र या तालुक्यांचा इतिहास बारकाईने पाहिला, की त्यांच्या मुळाशी एक चौथे कारण दिसते. ते समजण्यासाठी प्रथम इथला पाऊस आणि भाताचे वर्ष समजून घ्यावे लागते.

३/२३
सह्याद्रीच्या पायथ्याशी पाऊस धो धो पडतो, पण चारच महिने. सखल खाचरांत भात, उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. दिवाळीच्या सुमारास धान्य घरात येते आणि त्यावर वर्ष काढायचे असते. खरी परीक्षा आषाढ-श्रावणात. कणगी तळाला गेलेली, नवे पीक अजून शेतात उभे, आणि लावणी-बेणणीचे सर्वांत जड काम नेमके याच दिवसांत. अंगात बळ हवे तेव्हाच पोटाला नाही, असा हा काळ. या दिवसांत खाण्यासाठी घेतलेल्या कर्जाला ‘खावटी’ म्हणतात. विषमतेचे बी या खावटीत आहे.

४/२३
खावटीचे धान्य परत करायचे ते सवाईने किंवा दिढीने. सवाई म्हणजे सव्वापट, दिढी म्हणजे दीडपट. ‘चार पायली घेतले, सहा पायली दिले’ हे ऐकायला फारसे भयंकर वाटत नाही. पण ही वाढ वर्षाची नसून लावणीपासून झोडणीपर्यंतच्या चार-पाच महिन्यांची आहे. तिचा परिणाम पाहण्यासाठी एक साधा हिशेब मांडून पाहावा. समजा, एका कुटुंबाला वर्षाला बारा मण भात लागते आणि त्याच्या शेतात दहा मण पिकते. तूट दोन मणांची. म्हणजे वर्षातले दोनच महिने, आषाढ आणि श्रावण.

५/२३
पहिल्या पावसाळ्यात कुटुंबाने दोन मण दिढीने घेतले. पुढच्या हंगामात दहा मण पिकले, तीन मण सावकाराला गेले, उरले सात. आता तूट पाच मणांची झाली. दुसऱ्या पावसाळ्यात पाच मण घेतले, परतफेड साडेसात. दहातून साडेसात गेल्यावर उरले अडीच. तिसऱ्या पावसाळ्यात साडेनऊ मण घ्यावे लागले. त्याची परतफेड सव्वाचौदा मण. पण शेतात पिकणार दहाच. तिसऱ्या पावसाळ्यानंतर सारे पीक देऊनही कर्ज फिटत नाही. मग उरतात दोनच गोष्टी : जमीन आणि अंगमेहनत.

६/२३
या हिशेबात कुणी आळशी नाही, कुणी दारुडा नाही, दुष्काळ पडलेला नाही. सावकार लबाड असण्याचीही गरज नाही; त्याने कागदात खाडाखोड केली नाही की माप मारले नाही. दोन्ही पक्षांनी दर वर्षी स्वखुशीने व्यवहार केला. तरीही चौथ्या वर्षी एकाची जमीन दुसऱ्याकडे गेली. फरक इतकाच, की एकाला कार्तिकापर्यंत थांबता येत होते आणि दुसऱ्याला येत नव्हते. ज्याला थांबता येत नाही त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, आणि ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या मालाची, श्रमाची, जमिनीची किंमत समोरचा ठरवतो. हेच ते चौथे कारण.

७/२३
आता प्रश्न असा, की कठीण महिन्यांत थांबण्याचे दुसरे साधन लोकांकडे नव्हते काय? होते. जंगल होते. कंद, मासे, खेकडे, रानभाज्या, मध, लाकूडफाटा हे डोंगरातल्या माणसाचे कोठार होते. कातकरी हे नावच खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या व्यवसायावरून आले, असे मानले जाते. परंतु १८७८ च्या भारतीय वन कायद्याने राखीव जंगलांची व्यवस्था दृढ केली आणि जे पिढ्यान्‌पिढ्या हक्काचे होते ते सरकारी मेहेरबानीचे झाले. डोंगरउतारावर काही ठिकाणी नाचणी-वरीसाठी ‘दळी’ जमिनी कसू दिल्या गेल्या, पण त्यांवर मालकी मिळाली नाही.

८/२३
विषमतेच्या चर्चेत ही गोष्ट सहसा निसटते. कातकऱ्यांचे उत्पन्न तेव्हा किती होते, हे विचारून फारसे काही हाती लागत नाही. पैशातले उत्पन्न त्यांच्याकडे आधीही फारसे नव्हते. गेला तो आधार. रान मोकळे असताना सावकाराच्या अटी जाचक वाटल्या, तर डोंगरात जाऊन चार दिवस काढता येत होते. रानाचे दार बंद झाल्यावर त्याच अटी निमूटपणे स्वीकाराव्या लागल्या. आज कातकरी हा महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित गणल्या गेलेल्या तीन आदिवासी समूहांपैकी एक आहे. इतर दोन कोलाम आणि माडिया गोंड.

९/२३
याच सुमारास या खोऱ्यातून नवी संपत्ती वाहू लागली होती. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र प्रवाशांना पालखीतून किंवा तट्टावरून चढावा लागे. १८६३ मध्ये भोर घाटातील लोहमार्ग पूर्ण झाला. त्यासाठी हजारो मजूर कड्यांवर राबले आणि अनेकजण अपघातांत व साथीच्या रोगांत दगावले. या मार्गाने मुंबईची भरभराट झाली. कर्जत हे घाटाच्या तोंडाचे महत्त्वाचे स्थानक झाले. तिथे रोजगार आला, बाजार वाढला. रेल्वेने या तालुक्यांना काहीच दिले नाही, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

१०/२३
नंतर वीज आली. घाटमाथ्यावर, लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधून ते पाणी सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीच्या वीजगृहात सोडण्याची टाटांची योजना १९१५ मध्ये कार्यान्वित झाली. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हा भारतीय उद्योगाचा एक गौरवाचा अध्याय. वीज गेली मुंबईच्या कापडगिरण्यांना. घाटमाथ्यावर याच मालिकेतील पुढच्या धरणासाठी मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला. घाटाखाली वीजवाहिन्या ज्या शेतांवरून गेल्या, तिथल्या झोपड्यांत मात्र रॉकेलच्या चिमण्याच जळत राहिल्या.

११/२३
परंतु याच योजनेची एक वेगळी बाजूही नोंदवली पाहिजे. वीज निर्माण झाल्यावर पाणी उरतेच. खोपोलीचे पाणी पाताळगंगेला मिळाले आणि पुढे कारखान्यांच्या उपयोगी आले. भिवपुरीचे पाणी पेज नदीतून राजनाला कालव्याने कर्जतच्या काही गावांच्या खाचरांत पोहोचले आणि तिथे उन्हाळी भाताचे दुसरे पीक निघू लागले. वरच्या हिशेबातील दोन मणांची तूट दुसऱ्या पिकाने सहज भरून निघते. म्हणजे मुंबईसाठी उभारलेल्या प्रकल्पाचे पाणी ज्या शेतापर्यंत पोहोचले तिथल्या शेतकऱ्याला खावटीला ‘नाही’ म्हणता आले. कालव्याच्या वरच्या अंगाच्या वाडीला ते जमले नाही. डोंगर तोच, पाऊस तोच, माणसेही तशीच कष्टाळू.

१२/२३
खावटीचे हे गणित ज्याला नेमके उमगले होते, असा एक तरुण याच मातीत जन्मला. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच हुतात्मा भाई कोतवाल. जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरान. न्हावी समाजातील एका गरीब घरात जन्मलेल्या या मुलाने वकिलीचे शिक्षण पूर्ण केले आणि पुढे तो माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. माथेरान हे इंग्रज अधिकाऱ्यांचे आणि मुंबईतील धनिकांचे थंड हवेचे ठिकाण. डोंगराखाली मात्र कर्जाने पिचलेली शेतकऱ्यांची आणि आदिवासींची गावे. ही दोन्ही जगे रोज पाहणाऱ्या कोतवालांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या आणि धान्यकोठ्या उभारल्या.

१३/२३
धान्यकोठीची कल्पना वरवर किरकोळ वाटते. सुगीला सर्वांनी थोडे थोडे धान्य एकत्र ठेवायचे, आणि पावसाळ्यात ज्याला तूट पडेल त्याला ते द्यायचे. पण वरचा हिशेब पुन्हा आठवावा. दोन मण धान्य दिढीशिवाय मिळाले, तर तूट दोनच मणांची राहते. तिचे पाच आणि साडेनऊ मण होत नाहीत. जमीन जात नाही. कोतवालांनी कुणाची संपत्ती काढून दुसऱ्याला वाटली नाही. त्यांनी गरिबाला कार्तिकापर्यंत थांबण्याची सोय करून दिली. विषमतेच्या यंत्राचा नेमका कोणता खिळा काढला असता ते थांबते, हे या वकिलाने ओळखले होते.

१४/२३
१९४२ च्या आंदोलनात कोतवालांनी भूमिगत होऊन ‘आझाद दस्ता’ उभारला. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात या दस्त्याने मुंबईला वीज नेणारे अकरा मनोरे पाडले. लक्ष्य अर्थातच युद्धकाळातील ब्रिटिश सत्ता होते, आणि मुंबईचे कारखाने व रेल्वे थांबवणे हा हेतू होता. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. कोतवालांचे वय अवघे तीस वर्षांचे होते. मनोरे पाडणारा क्रांतिकारक सर्वांच्या लक्षात राहिला; धान्यकोठ्या उभारणारा अर्थज्ञ तितकासा राहिला नाही.

१५/२३
याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी गावी १९३३ मध्ये कुळांनी संप पुकारला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी पिकवण्यास नकार दिला, आणि हा नकार १९३९ पर्यंत टिकला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ रोजी कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली. गरिबाने एकत्र येऊन म्हटलेल्या ‘नाही’ला कायद्याचे रूप यायला जवळजवळ पाव शतक लागले.

१६/२३
कुळकायद्याने कोकणातील असंख्य शेतकरी कुटुंबांचे नशीब पालटले, यात शंका नाही. ज्यांचे नाव कुळ म्हणून कागदावर होते ते मालक झाले. त्यांची मुले शिकली, नोकरीला लागली. पण ज्यांचे नाव कागदावरच नव्हते, त्यांचे काय? शेतमजूर, तोंडी बोलीवर जमीन कसणारे, आज इथे उद्या तिथे राबणारे कातकरी या कायद्याच्या कक्षेत आले नाहीत. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये अक्षरओळख नसलेला शेतकरी आणि कागद सांभाळणारा कारकून यांच्यातील दरी दाखवली होती. सातबाऱ्याच्या बाहेर राहिलेल्यांना ती दरी स्वातंत्र्यानंतरही ओलांडता आली नाही.

१७/२३
भूमिहीनाला खावटी घ्यायची तर तारण काय? स्वतःचे पुढचे श्रम. पावसाळ्यात किंवा लग्नसराईत मुकादमाकडून उचल घ्यायची, आणि दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जायचे. मजुरीचा दर किती, हिशेब कधी, हे उचल देणारा ठरवतो. हंगाम संपताना पैसे फिटले नाहीत, तर पुढच्या वर्षीची मजुरीही आधीच बांधली जाते. मुले आई-वडिलांबरोबर भट्टीवर जातात, शाळा सुटते, आणि कागद न वाचता येणारी आणखी एक पिढी तयार होते. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. पण कायदा साखळी तोडतो, आषाढातील भूक तोडत नाही.

१८/२३
एकविसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग सुरू झाला आणि या तालुक्यांच्या जमिनीला सोन्याचे मोल आले. शहरातील पैसा शनिवार-रविवारच्या घरांच्या रूपाने इथे उतरला. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे परवानगीशिवाय जाऊ नये, अशी तरतूद महाराष्ट्राच्या जमीन महसूल कायद्यात आहे. पण ज्यांच्या नावावर जमीनच नाही, त्यांना ही तरतूद काय वाचवणार? अनेक कातकरवाड्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. पूर्वी मालकाला राबायला माणसे हवी होती, म्हणून त्याने वाडी वसू दिली. जमीन विकण्याजोगी होताच तीच वाडी अडचण ठरली. मग कुंपणे आली आणि ‘उठा’ असे बजावणे सुरू झाले.

१९/२३
इथे विरोधी मत प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. ते असे : प्रश्न दारिद्र्याचा आहे, विषमतेचा नाही. शंभर वर्षांपूर्वी या तालुक्यांत अंतर कदाचित कमी होते, पण उपासमार अधिक होती. आज रेशनचे धान्य मिळते, रस्ते आहेत, खोपोलीच्या कारखान्यांनी नोकऱ्या दिल्या, फार्महाउसांत माळी आणि राखणदार म्हणून काम मिळते. शेजाऱ्याचा बंगला उंच झाल्याने झोपडी बुटकी होत नाही. अधिक कौशल्य, अधिक जोखीम, अधिक श्रम यांना अधिक मोबदला मिळणे न्याय्यच आहे. या युक्तिवादात वजन आहे आणि त्याची खिल्ली उडवून भागणार नाही.

२०/२३
पण शेजाऱ्याचा बंगला उंच झाल्याने झोपडी बुटकी होत नसली, तरी झोपडीखालची जमीन महाग होते. भात, मीठ, कापड वाढवता येते. गुंठे वाढवता येत नाहीत. त्याच एका गुंठ्यासाठी मुंबईतील व्यावसायिक आणि कर्जतचा मजूर यांच्यात बोली लागली, तर निकाल आधीच ठरलेला असतो. जमीन, पाणी, रस्त्यालगतची जागा, सरकारी कचेरीतील ओळख अशा मर्यादित गोष्टींच्या बाबतीत एकाची श्रीमंती दुसऱ्याच्या वाटा प्रत्यक्ष बंद करते. म्हणून विषमता वाईट की नाही, हे अंतर मोजून ठरत नाही. खालच्या माणसाला अजूनही ‘नाही’ म्हणता येते का, हे पाहून ठरते.

२१/२३
ही कसोटी माथेरानला लावून पाहावी. १८५० मध्ये ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट चौकहून हा डोंगर चढले आणि गिरिस्थानाचा आरंभ झाला. मोटारींना बंदी असल्याने इथे माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा एकविसाव्या शतकापर्यंत टिकली. पर्यटक खुशीने पैसे देई, ओढणारा खुशीने घेई. मग गैर काय? पण ई-रिक्षाची मागणी रिक्षा ओढणाऱ्यांच्याच संघटनेने लावून धरली होती. पर्याय दिसताच त्यांनी ‘नाही’ म्हटले, यावरून आधीची खुशी किती खरी होती ते कळते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानवी प्रतिष्ठेचा दाखला देऊन ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला.

२२/२३
आणि तीच कसोटी इर्शाळगडाच्या उतारावर लावावी. १९ जुलै २०२३ च्या रात्री, मुसळधार पावसात, खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकरवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबवावे लागले. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. यंत्रसामग्री वर जाऊ शकली नाही, बचावपथके पायी चढली. पाऊस निसर्गाचा होता. मात्र खाली, चौकच्या परिसरात, लोहमार्ग आणि महामार्गांच्या आसपास जमिनीचे भाव गगनाला भिडले असताना ही माणसे त्या उतारावरून कुठे जाणार होती? वाचलेल्यांना खाली घरे मिळाली, पण ती दुर्घटनेनंतर. विषमता कधी धान्यात मोजली जाते, कधी रुपयांत. त्या रात्री ती उताराच्या कोनात मोजली गेली.

२३/२३
उपाय या इतिहासातच सापडतात. कर्जतमध्ये कशेळे येथील अॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने आदिवासी वाड्यांत धान्य बँका चालवून कोतवालांच्या कोठीचाच विचार पुढे नेला. राज्याची आदिवासींसाठीची खावटी कर्ज योजना १९७८ ची, रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, वनहक्क कायदा २००६ चा. यांपैकी कोणत्याही उपायाने श्रीमंताला गरीब केलेले नाही. जिथे ते नीट चालतात तिथे मजुराला उचल नाकारता येते, दळी कसणाऱ्याला हक्काचा कागद मागता येतो. आता निकडीची गोष्ट म्हणजे प्रत्येक वाडीखालची जमीन गावठाण म्हणून वाडीच्या नावे होणे. सर्वांना सारखे मिळावे, असा आग्रह इथे कुणी धरलेला नाही. दिढीला, उचलीला आणि ‘उठा’ला नकार देता यावा, एवढीच मागणी आहे. ती पुरी होत नाही तोवर कर्जत-खालापूरची विषमता हा प्रश्नच राहील.